जुनी गाडी, नवा स्टीरिओ: वाचकांचे प्रश्न

यंदा गणपतीआधी आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला. जुन्या गाडीत नवा ब्लूटूथ स्टीरिओ बसवायचा आहे, किंवा बसवलाय पण नीट चालत नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची ही पत्रं वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली. दोष सेटमध्ये क्वचितच असतो. तो असतो अर्थिंगमध्ये (म्हणजे सेटची ऋण वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात तिथे), नाहीतर पिळून टेप गुंडाळलेल्या जोडात. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस तांब्याला आणि पत्र्याला सोडत नाही. म्हणून पुढच्या उत्तरांत अर्थिंगचा विषय वारंवार आला आहे, आणि तो मुद्दाम ठेवला आहे.

प्रश्न: आमची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. आधीच्या मालकांनी दोनदा टेप बदलला आणि मूळ कपलर (वायरी एकत्र जोडणारा प्लग) कापून टाकलं. डॅशबोर्डमागे नुसता वायरींचा गुंता आहे. यूएसबी-ब्लूटूथवाला सिंगल डिन (एका खणाच्या ठरलेल्या मापाचा) सेट आणून ठेवलाय. घरच्या घरी बसवता येईल का? कुठली वायर कुठे जोडायची? (चिपळूण)

उत्तर: येईल. घाई केली नाही तर एका सुट्टीच्या दिवसात होणारं काम आहे. मल्टिमीटर मात्र हवाच. त्याखेरीज १० नंबरचा पाना, वायर सोलायची पकड, क्रिम्पिंगची (जोड दाबून बसवायची) पकड, आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), कापडी टेप, सहा मिलिमीटर भोकाचा थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) आणि आयएसओ (प्रमाणित मापाच्या) कपलरची मादी बाजू घ्या. या कपलरला सात-आठ इंच वायरी जोडूनच येतात आणि ते स्वस्तात मिळतं. सेटसोबत आलेलं कपलर कापू नका. उद्या सेट बदलायचा झाला तर नुसतं उपसून नवीन घालता आलं पाहिजे. तुमच्या गाडीतला आजचा गुंता मूळ कपलर कापल्यामुळेच झालाय.

आधी बॅटरीचं ऋण टोक सोडवा. जुना टेप बाहेर काढा आणि मागचे सगळे जोड उघडून पाहा. टेप सोलली की आत हिरवट पूड दिसेल आणि तांबं काळं पडलेलं असेल. अशी वायर घासून परत वापरू नका, तांबं लख्ख लागेपर्यंत मागे कापत जा. कधी दोन इंच कापावी लागते, कधी सहा. कमी पडली तर त्याच जाडीचा नवा तुकडा जोडा.

आता ओळख पटवायची. गाडीकडच्या वायरींच्या रंगांवर अजिबात भरवसा ठेवू नका, दोन कारागिरांचे हात लागलेत. सगळी टोकं एकमेकांपासून दूर करा, बॅटरी परत जोडा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. चावी काढलेली असतानाही साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते ती कायमची लाइन. चावीच्या पहिल्या खटक्यावर जिवंत होते आणि चावी काढली की मरते ती ॲक्सेसरी. पार्किंग दिवे लावल्यावरच व्होल्टेज येतं ती डॅशबोर्डच्या उजेडाची. या तिन्हींवर कागदी पट्ट्या चिकटवा आणि बॅटरी पुन्हा सोडवा.

सेटकडच्या वायरींचे रंग मात्र बहुतेक सगळ्या कंपन्या एकच पाळतात. पिवळी म्हणजे कायमची बॅटरी, लाल म्हणजे चावीची, काळी म्हणजे अर्थिंग, नारिंगी उजेडाची, निळी अँटेनाची आणि निळी-पांढरी ॲम्प्लिफायर चालू करायची. स्पीकरांत पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. ज्या वायरीवर काळी रेघ आहे ती त्या त्या स्पीकरची ऋण बाजू. निळी रिकामी राहत असेल तर टोकावर स्लीव्ह चढवा. ती चुकून पत्र्याला टेकली तर सेटच्या आतला भाग जळतो.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी स्पीकरच्या वायरींची. मीटर ओहमवर घ्या. चार ओहमचा चांगला स्पीकर सव्वातीन ते पावणेचारच्या आसपास दाखवतो. मग त्याच वायरींचं प्रत्येक टोक आणि गाडीचा उघडा पत्रा यांच्यात मोजा. तिथे काहीही दाखवता कामा नये. काही ओहम दाखवले, तर त्या स्पीकरची ऋण वायर कुठेतरी बॉडीला जोडलेली आहे. जुन्या टेपला ते चालायचं. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, पैकी एक जरी पत्र्याला लागली तर सेट एकतर बंद पडत राहतो किंवा कायमचा जातो. अशा वेळी जुनी वायर शोधत बसू नका. प्रत्येक स्पीकरला एक चौरस मिलिमीटरची दोन तारांची नवी वायर ओढा. धन-ऋण ओळखायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. स्पीकरचा पडदा बाहेरच्या बाजूला उचलला तर सेलचं धन टोक ज्या वायरीला आहे ती धन. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज येतो, पण ठेका हरवतो आणि गाणं पोकळ वाटतं.

अर्थिंग डॅशबोर्डच्या कुठल्याही स्क्रूला लावू नका. पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे बॉडीचा जाड पत्रा सापडतो. तिथे सहा मिलिमीटरचा बोल्ट मारा किंवा असलेला वापरा. थिंबल बसेल एवढा गोल पॉलिश पेपरने चकचकीत करा, अडीच चौरस मिलिमीटर काळ्या वायरीचा थिंबल, त्याखाली दातेरी वॉशर, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावा. क्रम महत्त्वाचा आहे. ग्रीस आधी आणि थिंबल नंतर असं केलंत तर धातूला धातू भिडत नाही.

वायरी जोडताना पिळून टेप नको. आपल्याकडच्या मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो, ती सुटून खाली सरकते आणि जूनमध्ये आत ओल शिरते. वायर न कापता वरून चावणारी प्लॅस्टिकची निळी-लाल क्लिपही नको, ती तारा अर्धवट कापते आणि खार तिथूनच आत जातो. क्रिम्प करून वर गोंदाची स्लीव्ह तापवा. दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब डोकावला की जोड बंद झाला असं समजा. नुसतं कथील लावलेला जोड हलणाऱ्या जागी कडक होऊन कडेला तुटतो. कथील लावायचंच असेल तर वायर शेजारी बांधून ठेवा.

सिंगल डिन सेटचा चेहरा १८० बाय ५० मिलिमीटर असतो आणि सेट ज्यात बसतो त्या पत्र्याच्या बाहीला साधारण १८२ बाय ५३ ची खाच लागते. बाही खाचेत सारली की तिच्या कडांचे पत्र्याचे कान बाहेर वाकवा, किमान पाच-सहा. सेटच्या पाठीला एक बोल्ट असतो, त्याला भोकांची पट्टी लावून मागच्या आडव्या पट्टीला धरून ठेवा. ही पट्टी बहुतेक जण गाळतात. मग जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर सेट मागून नाचतो, कान सरळ होतात आणि वायरी घासतात.

शेवटची तपासणी. गाणं मोठ्याने लावा, मीटर २०० मिलिव्होल्टवर घेऊन एक टोक सेटच्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. ५० च्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर असेल तर अर्थिंग परत करा. नंतर बॅटरीचं धन टोक आणि सेटकडची पिवळी यांच्यातला फरक मोजा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर जुनी लाइन थकलेली आहे. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर आणा, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि पत्र्यातून जाताना भोकात रबरी ग्रोमेट (वायर घासू न देणारी कडी) बसवा. सेटच्या पाठीवर जो १० चा फ्यूज असतो तो जळतो म्हणून तिथे मात्र १५ चा घालू नका.

एक खूण लक्षात ठेवा. अँटेनाची पिन खोचल्यावरच सेट चालू होत असेल, तर तुमचं अर्थिंग अँटेनाच्या वायरीवरच्या जाळीतून चाललंय. काळी वायर कुठेही पोचलेली नाही.

प्रश्न: गाडी गावी असते, आम्ही मुंबईला. महिना-दीड महिन्याने येतो. स्टीरिओ बसवल्यापासून दर वेळी बॅटरी बसलेली. मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला. एकदा बदलून झाली. (गुहागर)

उत्तर: तिसरी बॅटरी घेण्याआधी हिशेब पाहा. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची धरू. सेट बंद असताना नुसती आठवण ठेवायला काही मिलिअँपिअर घेतो. १० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला सातेक अँपिअर-तास जातात, ते चांगली बॅटरी सोसते. पण पिवळी आणि लाल दोन्ही कायमच्या लाइनला जोडल्या असतील, तर सेट वरून बंद दिसला तरी आतून जागा राहू शकतो आणि पाव-अर्धा अँपिअर ओढतो. ०.३ अँपिअरने ३५ चा साठा ११७ तासांत, म्हणजे पाच दिवसांत संपतो. अर्धा साठा गेला की स्टार्टर कण्हायला लागतो, म्हणजे अडीच दिवसच मिळतात. पूर्ण बसलेली बॅटरी तशीच महिनाभर राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि नवी बॅटरीसुद्धा कायमची कमजोर होते. तुमची बदललेली बॅटरी अशीच गेली असावी.

मोजायचं असं. सगळी दारं बंद, चावी बाहेर, आतला दिवा बंद. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. बॅटरीचं ऋण टोक सोडवून त्या टोकाच्या आणि सोडवलेल्या केबलच्या मध्ये मीटर धरा. मीटर मध्ये असताना चावी लावू नका, दारही उघडू नका आणि स्टार्टर तर मारूच नका, मीटर जळेल. दोन-चार मिनिटं थांबून आकडा वाचा. ५० मिलिअँपिअरच्या आत असावा असं सर्वसाधारणपणे म्हणतात, पण ते रोज चालणाऱ्या गाडीसाठी. महिन्याला ५० म्हणजे ३६ अँपिअर-तास, तुमची अख्खी बॅटरी. तुमच्यासारख्या उभ्या गाडीत २० च्या आतच हवा. जास्त आला तर फ्यूज एकेक काढत जा. ज्याने आकडा पडतो त्या लाइनवर दोष. सेटच्या पाठचा फ्यूज सगळ्यात आधी काढून पाहा.

लाल वायर चावीच्या लाइनवर नेली की बहुतेकदा प्रश्न मिटतो. काही गाड्यांच्या आयएसओ कपलरमध्ये पिवळी-लालच्या जागा उलट्या असतात. तेव्हा चावी काढली की सेट सगळं विसरतो, हीच त्याची खूण. त्या दोन वायरींत म्हणूनच सुटे होणारे गोल जोड दिलेले असतात, ते अदलाबदल करा. तरीही तुमच्या बाबतीत आमचा सल्ला आहे की ऋण टोकावर फिरकीचा कट-ऑफ बसवा आणि मुंबईला निघताना फिरकी सोडवून जा. सेट स्टेशनं विसरेल, पण गणपतीत गाडी चालू होईल.

प्रश्न: ॲम्प्लिफायर लावल्यापासून ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज वाढत जातो. दुकानदाराने नॉइज फिल्टर लावून दिला, फरक शून्य. (मालवण)

उत्तर: तो आवाज अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा) आहे आणि फिल्टर हा शेवटचा उपाय, पहिला नाही. इंजिन चालू ठेवून सेटचा आवाज शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली तर ती सेटनंतर, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि आरसीए वायरीत (सेटकडून ॲम्प्लिफायरला गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या) शिरते आहे. आवाजाबरोबर कमी होत असेल तर सेटच्या आधी. अँटेना काढून बघा, त्याने गेली तर अँटेनाचा तळ गंजलाय.

तुमच्या वर्णनावरून ती ॲम्प्लिफायरच्या बाजूची वाटते. सेट एका जागी अर्थ केलेला, ॲम्प्लिफायर डिकीत दुसऱ्या जागी, आणि दोन्ही जागांमधल्या पत्र्याला गंज. मग उरलेला करंट आरसीएच्या जाळीतून परत येतो आणि शिट्टी होऊन ऐकू येतो. ॲम्प्लिफायरचा थिंबल सीटबेल्टच्या किंवा सीटच्या बोल्टला लावलेला असेल तर काढा. अर्ध्या मीटरच्या आत उघडा पत्रा घासून वेगळा बोल्ट द्या. मग इंजिनखान्यात जा. बॅटरीकडून बॉडीला आणि इंजिनकडून बॉडीला जाणाऱ्या पट्ट्या पाहा. मालवणसारख्या ठिकाणी या पट्ट्यांची विणलेली जाळी वरून शाबूत दिसते आणि बोटाने चोळली की पूड पडते. दोन्ही बदला. खर्च किरकोळ आहे आणि हेडलाइटसुद्धा उजळतील. पॉवरची केबल गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. आणि सेट चालू असताना आरसीएची पिन कधीही काढू-घालू नका. काही सेटमध्ये आरसीएच्या अर्थला आत केसाएवढा फ्यूज असतो, तो उडाला की शिट्टी कायमची लागते.

हे सगळं नीट असूनही शिट्टी राहिली तर अल्टरनेटरचे डायोड तपासा. हेडलाइट लावून, इंजिन थोडं वाढवून, बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. ०.१ च्या आसपास किंवा खाली असेल तर ठीक, ०.५ कडे गेला तर डायोड गेलाय. स्वस्त मीटर एसीवर डीसीलाच मोजून २८ दाखवतात. तसं झालं तर मीटरच्या एका वायरीत एक मायक्रोफॅरॅडचा बिनध्रुवी कपॅसिटर मालिकेत घाला, मग खरा आकडा दिसेल.

प्रश्न: मुलाने अमेरिकेहून सेट पाठवला. गाणी उत्तम वाजतात, पण रत्नागिरी आकाशवाणी काही केल्या लागत नाही. शेजारच्यांच्या जुन्या टेपवर लागते. (पावस)

उत्तर: सेट बिघडलेला नाही, तो अमेरिकेच्या पट्टीवर आहे. आपल्याकडे मध्यम लहरींची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी वाटलेली आहेत, तिकडे १० च्या. रत्नागिरी ११४३ वर आहे. तुमचा सेट ११४० वरून थेट ११५० वर उडी मारतो. एफएमवरही हेच: अमेरिकन टप्पा ०.२ चा आणि तोही विषम दशांशांवर, त्यामुळे आपली सम दशांशांची स्टेशनं निसटतात. सेट बंद करून, म्हणजे घड्याळ दिसत असताना, मेनूची कळ दाबून ठेवा. आत ‘एरिया’ किंवा ‘ट्यूनर स्टेप’ असं काहीतरी सापडेल. तिथे युरोप किंवा आशिया निवडा आणि स्टेशनं नव्याने साठवा.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून मध्यम लहरी जमिनीपेक्षा कितीतरी लांब पोचतात, म्हणून किनाऱ्याच्या रस्त्याला हे स्टेशन चांगलं मिळतं. एफएमचं उलट आहे. ते सरळ रेषेत जातं आणि आंबा किंवा कुंभार्ली घाटातल्या वळणावर डोंगर आड आला की तुटतं. त्यात अँटेनाचा दोष नाही. मोबाइल चार्जर मात्र सिगारेट लाइटरच्या भोकातून काढून पाहा. हलक्या चार्जरची खरखर दोन्ही पट्ट्यांवर येते.

नवा सेट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: आजच्या पुष्कळ ब्लूटूथ सेटमध्ये मध्यम लहरी मुळीच नसतात. आकाशवाणी ऐकणाऱ्या घरात ही गोष्ट पैसे देण्याआधी विचारा.

प्रश्न: दारातले स्पीकर दर पावसाळ्यानंतर फाटल्यासारखे वाजतात. दोन जोड्या झाल्या. जास्त वॉटचे घ्यावेत का? (वेंगुर्ला)

उत्तर: वॉटचा इथे संबंध नाही. सेटच्या खोक्यावर ५० गुणिले ४ लिहिलेलं असलं तरी सतत मिळणारा दम प्रत्येक स्पीकरला साधारण २० वॉटच्या आत-बाहेर असतो. तुमचे स्पीकर पाण्याने जातायत.

दाराच्या काचेच्या फटीतून पाणी आत जाणं हे ठरलेलंच आहे. ते आतून खाली वाहून दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. म्हणजे दाराचा आतला भाग बाहेरच आहे असं धरून चाला, आणि स्पीकरचं चुंबक त्याच ओल्या बाजूला असतं. दाराच्या आतल्या पॅडमागे एक प्लॅस्टिकचा कागद असतो, तो पाणी आणि केबिन यांच्यातला पडदा आहे. स्पीकर बसवणारे घाईत तो फाडून टाकतात. नवा जाड प्लॅस्टिक कागद कापा, काळ्या चिकट दोरीने कडेकडेने चिकटवा आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडा, बाहेर नाही. तळाची छिद्रं खिळ्याने मोकळी करा. लाल माती आणि पाला साचून ती बुजली की पाणी स्पीकरच्या पातळीपर्यंत चढतं.

स्पीकर घेताना कागदी पडदा आणि फोमची कड टाळा. आपल्या हवेत कागद बुरशी धरतो आणि फोम दोन-तीन वर्षांत बोटाला चिकटून येतो. पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि रबरी कड घ्या. खाली आधाराला कडं लागत असेल तर एमडीएफ नको, ते फुगतं. १२ मिलिमीटर मरीन प्लायचं कडं कापून कडांसकट दोन हात ऑइलपेंट द्या. चुंबकाच्या वर उतरतं छप्पर येईल असा लवचीक प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवा. पूर्ण पिशवी घालू नका, आत दमटपणा कोंडतो. वायर स्पीकरकडे येताना आधी खाली झोळ देऊन मग वर आणा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाला गळून पडतो. आणि स्पीकर घेण्याआधी काच पूर्ण खाली करून आत किती खोल जागा उरते ते मोजा.

प्रश्न: प्रीमियर पद्मिनी, डायनॅमोवाली. रेडिओवर इंजिनाच्या वेगाबरोबर टिकटिक येते. (देवगड)

उत्तर: टिकटिक ठिणगीची, कुईकुई डायनॅमोची (जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी असलेलं बॅटरी भरणारं यंत्र). तुमची ठिणगीची आहे. पाच किलोओहमच्या रेझिस्टरवाल्या प्लग कॅप घाला, किंवा नावात ‘आर’ असलेले प्लग. कॅप, प्लग आणि कार्बनच्या वायरी असं सगळं एकदम नको, पावसाळी सकाळी गाडी मिसिंग करेल. एक मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर कॉइलच्या त्या टोकाला लावा जिथे चावीकडून वायर येते. डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावलात तर ठिणगी मरेल. डायनॅमोचा आवाजही असेल तर तसाच कंडेन्सर जाड वायरीच्या ‘डी’ टोकाला. ‘एफ’ टोकाला कधीही नाही, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. बॉनेट रंगामुळे बॉडीपासून तुटलेलं असतं, बिजागरीवरून विणलेली पट्टी टाका. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असे. कुठल्याही जुन्या गाडीत सेट जोडण्याआधी बॅटरीची कुठली केबल बॉडीला गेलीय ते डोळ्यांनी पाहा. डायनॅमो संथ इंजिनवर जवळजवळ काही भरत नाही. त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या नादी लागू नका आणि गाडी उभी करून सेट फार वेळ लावू नका.

प्रश्न: मासळी वाहतुकीच्या टेम्पोला २४ व्होल्ट आहे. एकाच बॅटरीवरून १२ घेतले तर? (हर्णै)

उत्तर: चालेल, पण दोन्ही बॅटऱ्या जातील. ज्या बॅटरीवरून घेता ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त भरून उकळते. २४ चे १२ करणारा १० अँपिअरचा कन्व्हर्टर घ्या, त्याचं खोकं बर्फाच्या पाण्यापासून वर, केबिनच्या पाठीला लावा.

प्रश्न: नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीनसाठी मारुतीचा डॅशबोर्ड कापायला सांगतात. (सावंतवाडी)

उत्तर: कापू नका. कापलेला डॅशबोर्ड खडखडतो आणि परत जुळत नाही. त्यामागच्या आडव्या पट्टीला हात लागला तर आधारही जातो. सिंगल डिन सेट आणि शेजारी मोबाइलचा स्टँड, एवढ्यात नकाशाही होतो. बाहेर तरंगणाऱ्या पडद्याचे सिंगल डिन सेट मिळतात, पण ते जुन्या गाडीत ब्लोअरची जाळी झाकतात.

प्रश्न: उंदरांनी दुसऱ्यांदा वायरी खाल्ल्या. औषध ठेवावं का? (राजापूर)

उत्तर: औषधाने उंदीर डॅशबोर्डमागेच मरतो, मग वास महिनाभर. इंजिनखान्यातून पत्र्यात शिरणारं प्रत्येक रिकामं भोक ग्रोमेटने किंवा बारीक जाळीने बंद करा. वायरी नुसत्या मोकळ्या न सोडता नागमोडी प्लॅस्टिक पाइपातून न्या आणि दर वीतभरावर पट्टीने बांधा. भाताच्या खोपीजवळ किंवा नारळ साठवलेल्या पडवीत गाडी लावत असाल तर पंधरवड्यातून एकदा बॉनेट उघडून ठेवा. आणि सगळ्यात आधी हे पाहा: बॅटरीवरून थेट आलेल्या पिवळ्या वायरीचा फ्यूज कुठे आहे? तो फक्त सेटच्या पाठीवर असेल, तर बॅटरी ते सेट ही सगळी वायर उघडी आहे. तिचं आवरण कुरतडलं जाऊन ती पत्र्याला टेकली की बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून धावतो आणि ती पेट घेते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत बसवा. हे काम आजच करा, पाइप आणि जाळी उद्या आणली तरी चालेल.